पोराला ठेवायचं कुठं, त्याआधी

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलत नाही. दिवाळीपासून स्वतःचं मनगट चावतो, भिंतीवर डोकं आपटतो, धाकटीला मारतो. रात्री उठून बाहेर पळतो, आणि घरामागे विहीर आहे. कापूस वेचायला जाताना मी त्याला ओढणीनं बाजेला बांधून गेले, तेही सांगते. नागपूरकडचं एक वसतिगृह कोणी सुचवलं. महिन्याचे 12 हजार. पहिले तीन महिने भेटायचं नाही, वर्षभरात बरा करून देऊ, म्हणतात. दोन एकर वावर विकायची तयारी आहे. ठेवू का?
— एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ओढणीचं लिहिलंत हे बरं केलंत. वर्धा-यवतमाळच्या खेड्यांत मी 22 वर्षं विशेष शिक्षिका म्हणून फिरते आहे. अशी दोरी, अशी ओढणी कितीतरी घरांत पाहिली. तिथल्या आयांना मी कधी दोष दिला नाही, तुम्हालाही देणार नाही. पण ती ओढणी आता सोडा. आणि बाकी सगळं राहू द्या, याच आठवड्यात विहिरीवर लोखंडी जाळी बसवा आणि दाराला आतून, त्याचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर, कडी लावा. ऑटिझम असलेली बरीच मुलं पाण्याकडे ओढली जातात.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मी थांबले : 'दिवाळीपासून'. म्हणजे त्याआधी असं नव्हतं. वर्ध्याजवळच्या गावात असाच एक मुलगा होता. मनगटावर चावून चावून घट्टा पडलेला. घरच्यांनी बाहेरचं बघितलं, उतारा झाला. एक दिवस मी त्याला भाकरी खाताना बघत बसले. घास डाव्या गालात गेला की तो तोंड उघडंच ठेवायचा आणि हात चावायचा. आतली दाढ मुळापर्यंत किडली होती. दाढ काढली, आणि पंधरा दिवसांत चावणं जवळजवळ थांबलं. ज्याला 'दुखते' म्हणता येत नाही, तो ते अंगानं सांगतो. तुमच्या मुलाची दाढच असेल असं नाही. कान असेल, शौचाला खडा होत असेल, झोप नसेल, वयात येणं असेल, क्वचित फिटही असते. यवतमाळच्या मेडिकलला आधी बालरोग विभागात दाखवा, दात तपासून घ्या, मग मानसोपचार. चिडचिड कमी करणारी औषधं आहेत आणि काही मुलांना ती उपयोगी पडतात. पण त्यांनी ऑटिझम जात नाही, भूक आणि वजन वाढतं, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची.

सोबत एक वही करा. मारण्याआधी काय चाललं होतं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल त्या दिवशी धाकटीला सांगा.

आता वसतिगृह. या वसतिगृहाला माझं उत्तर 'नाही' आहे. निवासी संस्था वाईटच असतात असं मी मानत नाही. घर मोडकळीला आलेल्या दोन कुटुंबांसोबत मी स्वतः संस्था शोधत फिरले आहे. पण या मुलांचं एक असतं : एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप येत नाही. संस्थेच्या नळावर, निळ्या बादलीत आंघोळ शिकलेला मुलगा घरच्या न्हाणीत नुसता उभा राहतो. म्हणून आईबापांनी पहिल्या दिवसापासून सोबत शिकायला हवं. तीन महिने आईला दार बंद असेल, तर तिथं तुमच्या घरासाठी काहीच तयार होत नाही. आणि ऑटिझम 'बरा करून देतो' म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

दुसरी संस्था बघाल तेव्हा न सांगता जा, तेही संध्याकाळी सातनंतर. रात्री किती मुलांमागे किती माणसं जागी असतात ते विचारा. एका ठिकाणी ऑफिस चकचकीत होतं, पण दारात चपलांचा एकच ढीग. मुलं हाताला येईल ती चप्पल घालत होती. कपड्यांवर कोणाचं नाव नव्हतं. मी तिथूनच परत फिरले. चिडलेल्या मुलाला काय करता, हे विचारल्यावर 'खोलीत बंद करतो' असं उत्तर आलं, तर तुम्हीही फिरा. धर्मादाय नोंदणीचा कागद पुरेसा नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र मागा, आणि शिक्षकांची भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी आहे का, ते बघा.

वावर विकू नका. त्याचं दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा. निरामय या सरकारी आरोग्य विम्यात ऑटिझम येतो, वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, आणि थेरपीचा काही खर्चही त्यातून निघतो.

वहीची पंधरा दिवसांची पानं आणि दातांचा रिपोर्ट मला मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. त्याला काय आवडतं, तेही लिहा. त्याला शिकवायची सुरुवात तिथून करावी लागेल, आणि पत्रात ते कुठंच आलं नाही.