पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाईप केला तरी एरर का येते?

प्रश्न: सर, मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत कॉम्प्युटर विषय नव्हता. लायब्ररीतून सी या प्रोग्रॅमिंग भाषेचं पुस्तक आणलंय, त्यातले प्रोग्रॅम उबंटूवर (लिनक्सवर) टाईप करतो तर कोनिओ डॉट एच सापडत नाही म्हणून एरर येते. मित्र म्हणतात पाठ करून टाक, परीक्षेत तेच येतं. पण मला खरंच शिकायचंय. काय करू? – एक विद्यार्थी, परभणी

उत्तर: पाठ अजिबात करू नकोस, आणि तुझं काही चुकतही नाहीये. ते पुस्तक टर्बो सी धरून लिहिलंय, म्हणजे बोरलँड कंपनीचा 1987 सालचा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा कंपायलर (प्रोग्रॅमचं मशीनला कळेल असं रूपांतर करणारं सॉफ्टवेअर), आपल्याकडे कॉलेजच्या लॅबमध्ये तो कितीतरी वर्षं चालला आणि पुस्तकंही तशीच छापली गेली. कोनिओ, क्लिअरस्क्रीन, गेटसीएच हे सीच्या स्टँडर्डमध्ये, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांमध्ये, नाहीतच. त्या ओळी काढ, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन लिही, शेवटी रिटर्न शून्य टाक, बहुतेक प्रोग्रॅम चालतील.

अजून एक, पुस्तकात म्हटलं असेल की 8 चं फॅक्टोरियल (1 ते 8 चा गुणाकार) इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या डेटा टाईपमध्ये, मावत नाही, कारण तिथे इंट 16 बिटांचा, 32767 पर्यंतच. तुझ्याकडे 40320 बरोबर येईल कारण आता इंट 32 बिटांचा असतो, मग 13 चं काढून बघ, तिथे गडबडेल. हे स्वतः बघितलंस की डेटा टाईपचा धडा डोक्यात बसतो.

आता खरं शिकणं, ते वहीत होतं. आकडे उलटे करायचा प्रोग्रॅम घे, 352 दे आणि रन करायच्या आधी ड्राय रन कर, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने कागदावर चालवून बघ, एन, रिमेंडर, रिव्हर्स असे तीन कॉलम आखून. पहिल्या फेरीत रिमेंडर 2, रिव्हर्स 2, एन 35 (35.2 नाही, इंटला इंटने भागलं की अपूर्णांक गळतो), पुढे रिव्हर्स 25 आणि एन 3, मग रिव्हर्स 253 आणि एन शून्य, लूप संपला. मला विचारशील तर असे पाच प्रोग्रॅम हाताने केलेला मुलगा पन्नास पाठ केलेल्याच्या पुढे असतो. मग व्हाईल लूपची अट बदल, आउटपुट काय येईल ते आधी लिही आणि मगच रन कर.

आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय (i++ + ++i), असले प्रश्न परीक्षेत आले तर पुस्तकातलं उत्तर लिहून मोकळा हो, त्याचं उत्तर काय यावं हे स्टँडर्डने ठरवलेलंच नाही, कंपायलर बदलला की आउटपुट बदलू शकतं.