माशी डावीकडे झुकलीय, गोळी उजवीकडे जातेय

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. मी टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहते. तीन वर्षांपूर्वी इथलं नागरिकत्व मिळालं. हे कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असतात, म्हणून रीतसर शिकून फेब्रुवारीत चार इंची नळीचा नवा .३५७ रिव्हॉल्व्हर घेतला. रेंजवर .३८ स्पेशल काडतुसं वापरते. पहिल्या दिवसापासून गोळ्या उजवीकडे लागताहेत. नेम धरायची मागची खाच स्क्रूने अगदी डाव्या टोकाला नेली, तेव्हा कुठे त्या मधोमध येतात. मागून पाहिलं तर पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा उंचवटा) डावीकडे कललेली दिसते. दुकानदार म्हणतो, एवढं चालायचंच. कंपनीत फोन केला तर वस्तू न बघताच ‘मर्यादेत आहे’ म्हणाले. वॉरंटी आहे, पण रिव्हॉल्व्हर परत पाठवायचा कसा, पोस्टात काय सांगायचं, काहीच कळत नाही. की खाच तशीच ठेवून गप्प बसू?

उत्तर : गप्प बसू नका, ताई. तुम्ही पूर्ण पैसे मोजून नवी वस्तू घेतली आहे आणि तिची नळी वाकडी बसली आहे. खाच टोकाला नेऊन तो दोष झाकला जातो, जात नाही. उद्या वेगळ्या वजनाची गोळी वापरलीत आणि खाच आणखी थोडी डावीकडे न्यावी लागली, तर स्क्रूला जागाच उरलेली नाही.

मी पिंपरीत अकरा वर्षं आणि नंतर ओहायोत निवृत्त होईपर्यंत टूलरूममध्येच काम केलं. त्यामुळे आधी हे का होतं ते सांगतो. ते कळलं की कंपनीशी बोलताना तुमचा आवाज बदलेल. नळीला मागच्या टोकाला आटे असतात, ती फ्रेममध्ये, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यात, पिळून बसवतात. आट्यांच्या पुढे नळीला एक खांदा असतो. तो फ्रेमला टेकून घट्ट होतो त्याच क्षणी माशी घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे बरोबर वर, यायला हवी. इंचाला ३६ आटे असतील तर नळीचा एक पूर्ण फेरा म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. दोन अंशांचा फरक म्हणजे खांद्याच्या जाडीत चार मायक्रॉन, केसाच्या जाडीचा सतरावा-अठरावा भाग! हे सांभाळणं अवघड आहे हे मी मानतो, हात काळे करून मानतो. पण ते अवघड काम कारखान्याचं आहे, गिऱ्हाइकाचं नाही. तुमची माशी मागून पाहताना डावीकडे आहे, म्हणजे नळी गरजेपेक्षा जास्त पिळली गेली.

आता गोळी उजवीकडे का? नळीच्या मध्यापासून माशीचं टोक समजा १८ मिलिमीटर वर आहे. नळी दोन अंश फिरली की ते टोक ०.६ मिलिमीटर डावीकडे जातं. तुम्ही ते टोक खाचेच्या मधोमध आणता, तेव्हा नकळत नळीचं तोंड उजवीकडे वळवता. माशी आणि खाच यांच्यात साधारण १५० मिलिमीटर अंतर धरलं, तर १५ यार्डांवर, म्हणजे सुमारे १४ मीटरवर, गोळी साडेपाच सेंटीमीटर उजवीकडे लागते. खाच मध्यावर आणून तुमच्या टार्गेटवर मोजून बघा, या आकड्याच्या आसपास निघालं तर दोष सापडला म्हणून समजा.

मात्र त्याआधी एक तपासणी आजच करा, कारण ती नेमापेक्षा महत्त्वाची आहे. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) उघडून त्यातली सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, मग करंगळीने चाचपा. आता सिलिंडर बंद करून त्याच्यावर अंगठ्याचा अगदी हलका अडसर ठेवा आणि घोडा हळूहळू मागे ओढा. घोडा अडकायच्या आत सिलिंडर ‘टक्’ करून जागेवर बसायला हवा. सहाही घरांना हे करा. एखादं घर बसलं नाही, किंवा रेंजवर शेजारच्या माणसाला शिशाचे कण लागल्याची तक्रार आली असेल, तर घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत आणि गोळी नळीच्या मागच्या तोंडाशी खरवडली जाते आहे. तसं असेल तर त्यातून आणखी एकही गोळी झाडू नका. नुसती माशी कललेली असेल तर धोका नाही, नेम तेवढा चुकतो. हे दोन वेगळे दोष आहेत. कंपनीला लिहिताना कोणता आहे, की दोन्ही आहेत, ते स्पष्ट लिहा.

आता माझीच हकीकत सांगतो. माझ्या रिव्हॉल्व्हरची माशी दीड अंश उजवीकडे होती, म्हणून गोळ्या डावीकडे जात. पहिल्यांदा पाठवला, तर पाच आठवड्यांनी जसाच्या तसा परत आला. सोबत चिठ्ठी : तपासले, ठीक आहे, चाप ओढताना हाताला झटका बसत असावा. उजव्या हाताने झाडणाऱ्यांची गोळी झटक्याने डावीकडे जाते हे खरंच आहे, त्यामुळे मला उत्तर सुचेना. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग सौ. म्हणाली, मी झाडून बघते. ती डावखुरी आहे, झटका बसलाच तर तिची गोळी उजवीकडे जायला हवी. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून तिने दहा गोळ्या झाडल्या. दहाही डावीकडे, माझ्याच ठिकाणी! तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. दुसऱ्यांदा रिव्हॉल्व्हरसोबत त्याची प्रत गेली आणि नळी बदलून आली.

तुम्हीही असाच पुरावा तयार करा. वाळूच्या पिशवीवरून, खाच मध्यावर आणून, दोन वेगळ्या प्रकारची काडतुसं, दोन वेगळी माणसं. प्रत्येक टार्गेटवर तारीख, अंतर, काडतुसाचं नाव आणि झाडणाऱ्याचा हात लिहा. फोटोसाठी फ्रेम घट्ट टेकवा, तिच्या वरच्या सपाट पट्टीला छोटा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावा आणि कॅमेरा बरोबर मागे, खाचेच्या उंचीवर धरा. गुण्याची उभी कड आणि कललेली माशी एकाच फोटोत आली की कुणी वाद घालत नाही. मग लेखी कळवा, फोनवर नाही. पत्रात भावना नको. माशी किती अंश, गोळी किती सेंटीमीटर, खाच कुठल्या टोकाला, एवढंच. आणि एक प्रश्न जरूर विचारा : ‘मर्यादेत आहे’ म्हणता, तर मर्यादा किती अंशांची? तो आकडा लेखी मागा. माझ्या अनुभवात पत्राचा सूर तिथेच बदलतो.

पाठवण्याबद्दल. पोस्टात जाऊ नका. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर साध्या नागरिकाने टपालाने पाठवण्याविरुद्ध १९२७ चा कायदा आहे. खासगी कुरिअरवालेही हल्ली तुमच्या-आमच्याकडून परस्पर घेत नाहीत. कंपनीकडून परतीचा नंबर आणि पैसे भरलेलं लेबल मागा, ते दिलं नाही तर दुकानदारामार्फत पाठवा. दुरुस्तीसाठी थेट उत्पादकाला पाठवायला १९६८ च्या कायद्याने मोकळीक आहे. दुरुस्त झालेला, किंवा त्याच प्रकारचा बदली रिव्हॉल्व्हर, ते थेट तुमच्या घरी पाठवू शकतात. खोक्यात एकही काडतूस नको. सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. (एच-वन-बीवर असलेल्या वाचकांनी हे वाचून बंदूक घ्यायला निघू नये. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याने मनाई आहे.)

कंपनीने तरीही दाद दिली नाही तर? एक गोष्ट मला आजही खुपते. ग्राहकांच्या सुरक्षेसाठी १९७२ साली जो केंद्रीय आयोग इथे उभा राहिला, त्याच्या कक्षेतून बंदुका वगळलेल्या आहेत. तुमचा टोस्टर सदोष असेल तर तो आयोग कंपनीला माल परत घ्यायला लावू शकतो, रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत नाही. पण वॉरंटीचा १९७५ चा कायदा बंदुकीलाही लागू आहे. लेखी वॉरंटी दिली असेल तर ती पाळावी लागते, आणि खटला जिंकलात तर वकिलाचा वाजवी खर्चही मागता येतो. टेक्ससमध्ये २०,००० डॉलरपर्यंतचा दावा छोट्या दाव्यांच्या न्यायालयात स्वतः उभं राहून लढता येतो. पत्रात याचा नुसता उल्लेख पुरतो, पण तो दुसऱ्या पत्रात करा, पहिल्या नव्हे.

रेंजवरचा कुणी नळी व्हाइसमध्ये धरून हातोडीच्या दांड्याने फ्रेम फिरवून देतो म्हणाला, तर हात जोडून नाही म्हणा. नळीच्या आट्यांखाली फ्रेम सगळ्यात पातळ असते, तिथे ती तडकते, आणि वॉरंटीही जाते. शिवाय जास्त पिळलेली नळी नुसती मागे फिरवली तर सैल राहते. खांद्याचं काम नव्याने करायला हवं किंवा नळी बदलायला हवी. रिव्हॉल्व्हर परत आला की सिलिंडर आणि नळी यांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. ०.००४ ते ०.०१० इंच असावी, आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखी.

प्रश्न : साताऱ्याजवळ आमचं गाव. वडिलांच्या नावावर परवाना आहे, गेल्या वर्षी .३२ चा नवा रिव्हॉल्व्हर घेतला. त्याचीही नळी तिरकी दिसते. गावातला लेथवाला म्हणतो, अर्ध्या तासात सरळ करून देतो. देऊ का?

उत्तर : नका देऊ. तुमचा लेथवाला माझ्यापेक्षा चांगला कारागीर असेल, पण शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. त्याच्याकडे तो नसेल तर तो अडकेल आणि वडिलांचा परवानाही धोक्यात येईल. ज्या विक्रेत्याकडून घेतला त्याच्यामार्फत उत्पादकाकडे पाठवा. वडिलांना प्रवास झेपत नसेल तर त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीसाठी तुम्ही नेऊ शकता, कलम ३ मध्येच तशी सोय आहे. मूळ परवाना सोबत ठेवा, आणि जिल्ह्याबाहेर किंवा राज्याबाहेर जायचं असेल तर परवान्यावर कुठवरचं क्षेत्र लिहिलंय ते निघण्याआधी वाचा.

विक्रेत्याने टोलवाटोलवी केली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढे साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, उत्पादक कुठल्याही राज्यातला असला तरी. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून त्याआधी कुणालाही एक स्क्रूसुद्धा हलवू देऊ नका. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे आणि तुमचं एक वर्ष गेलं. पावतीवरची तारीख आजच बघा.