डोंगरापलीकडच्या वाडीवर कमी खर्चात इंटरनेट न्यायचं तर कुठलं वायरलेस तंत्रज्ञान वापरावं?

तुम्ही लिहिलंय की ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय, पण वाडी तिथून ८ किलोमीटर, मधे डोंगर, मोबाइलला रेंज नाही, आणि शाळेत व आरोग्य उपकेंद्रात नेट हवंय. मी अकोले-जुन्नर पट्ट्यात एका छोट्या इंटरनेटवाल्याकडे पोल-टॉवरचं काम करतो, म्हणजे असल्याच जागा रोज बघतो, म्हणून थेट सांगतो. ५ गिगाहर्ट्झचं वायफायच वापरा, दोन्ही टोकांना डिश लावून, पॉइंट टू पॉइंट, म्हणजे एका जागेवरून थेट दुसऱ्या एकाच जागेकडे. रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारं-घेणारं उपकरण, कुठल्या कंपनीचा यावर फार डोकं घालू नका, चांगले आउटडोअर रेडिओ तीन-चार हजारांपासून मिळतात. डोकं घाला डोंगरावरच्या जागेवर आणि विजेवर.

आता लोक म्हणतात वायफाय तर घरातच दुसऱ्या खोलीत पोचत नाही, ८ किलोमीटर कसं जाणार. अहो जातं. घरातला राउटर चारी दिशांना सिग्नल उधळतो, डिश तोच सिग्नल एका अरुंद पट्ट्यात पाठवते. खरी अडचण वेगळीच होती. वायफायमधे प्रत्येक पॅकेटला, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्याला, समोरून पोच यावी लागते आणि ती ठराविक वेळेत नाही आली तर रेडिओ तेच पॅकेट परत पाठवतो, आता ८ किलोमीटर जाऊन यायला सिग्नलला ५० मायक्रोसेकंदांच्या वर लागतात, घरगुती सेटिंगमधे रेडिओ तेवढा थांबतच नाही, त्यामुळे सिग्नल फुल आणि स्पीड शून्य असा प्रकार होतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात एरिक ब्रुअर यांच्या टीमने २००५ च्या आसपास यावर काम केलं, पोच मागण्याची पद्धत बदलली आणि दोन्ही टोकांना बोलायच्या वेळा वाटून दिल्या. २००७ मधे व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी दोन डोंगरांमधे ३८२ किलोमीटरची वायफाय लिंक चालवून दाखवली, बर्कलीवाल्यांच्या सॉफ्टवेअरवर तीसुद्धा साधारण ३ एमबीपीएसने चालली. आज बाजारातल्या आउटडोअर रेडिओत हे सगळं आधीच असतं, सेटिंगमधे डिस्टन्स नीट भरायचं आणि टीडीएमए मोड, म्हणजे त्याच वाटून दिलेल्या वेळांची पद्धत, चालू करायचा एवढंच.

याच टीमचं तमिळनाडूतलं काम तुम्ही आवर्जून समजून घ्या, कारण तुमच्याकडे उपकेंद्र आहे. थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयापासून आसपासच्या छोट्या गावांतल्या तपासणी केंद्रांपर्यंत त्यांनी अशा लिंक टाकल्या. गावातली म्हातारी माणसं केंद्रात येतात, तिथली मुलगी डोळा तपासते आणि थेनीतला डॉक्टर व्हिडिओवर पेशंटशी बोलून ऑपरेशनला यायचं की नुसता चष्मा पुरेल ते सांगतो. बसभाडं आणि एक दिवसाची मजुरी वाचते, गरीब माणसाला ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या लोकांनी काही वर्षं नेटवर्क चालवून २००८ मधे जे लिहिलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, बहुतेक बिघाड रेडिओचे नव्हतेच, विजेचे होते. व्होल्टेज वरखाली, मधेच झटका, लाइट गेली की राउटर अर्धवट बंद पडून त्याचं मेमरी कार्ड खराब, बॅटरी पार खाली गेली की उपकरण धड बंदही नाही आणि धड चालूही नाही. आमच्याकडेही अगदी हेच चालतं.

म्हणून डोंगरावरच्या रिलेचा, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे पाठवणाऱ्या मधल्या ठाण्याचा, हिशोब आत्ताच करून ठेवा. तुम्हाला रिले लागणारच, कारण डोंगर आरपार सिग्नल जात नाही, माथ्यावर एक पोल, त्यावर दोन रेडिओ, एक गावाकडे एक वाडीकडे, आणि खाली त्या दोघांना जोडणारा छोटा नेटवर्क स्विच. हे सगळं मिळून २० वॅट धरा, म्हणजे २४ तासांचे ४८० वॅट-अवर. १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर) च्या लेड ॲसिड बॅटरीत १२०० असतात पण निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते, म्हणजे वापरायला ६०० उरले, जेमतेम एक दिवस. मे महिन्यात १५० वॅटचं पॅनल हे आरामात भरून काढेल. पण जुलैत आपल्या घाटावर तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा पॅनल ३०० वॅटचं आणि १५० एएचच्या दोन बॅटऱ्या घ्या, आणि चार्ज कंट्रोलर असा घ्या जो बॅटरी खाली गेली की लोड, म्हणजे जोडलेली उपकरणं, स्वतःहून तोडतो आणि नीट चार्ज झाल्यावरच परत जोडतो. रेडिओपेक्षा हा खर्च जास्त येतो, तो वाचवू नका. माथ्याजवळ एखाद्या घरात किंवा देवळात वीज असेल तर काम बरंच स्वस्त होईल, पण तिथेही स्टॅबिलायझर आणि बॅटरी हवीच. अर्थिंग नीट खोल करा, घाटमाथ्यावर विजा पडतात.

माथ्यावरच्या रिलेमुळे तुमच्या ८ किलोमीटरचे दोन तुकडे होतील, आणि पावसाने ५ गिगाहर्ट्झची चार-पाच किलोमीटरची लिंक सहसा पडत नाही. पडते ती पाणी केबलच्या तोंडातून आत गेल्यामुळे. आउटडोअर केबलच घ्या, रेडिओपाशी केबल खालून वर अशी आत जाऊ द्या, म्हणजे पाणी खालच्या वळणावरून टपकून जाईल, आणि जोडावर टेप गुंडाळा. दुसरा शत्रू झाडं. समोरचा पोल दुर्बिणीतून दिसला म्हणजे झालं असं नाही, सिग्नलची वाट लाटण्यासारखी मधे फुगीर असते, ४-५ किलोमीटरच्या लिंकला मधोमध ती सात-आठ मीटर त्रिज्येची होते आणि त्यातली निदान साठ टक्के तरी मोकळी लागते. एप्रिलमधे पानगळीत सर्व्हे केला की सगळं छान दिसतं, श्रावणात बांबू आणि साग भरले की लिंक अडखळायला लागते. पोल दोन मीटर जास्तच उंच घ्या.

झाडीतून सिग्नल जावा यासाठी पालघरमधे आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने, प्राध्यापक अभय करंदीकरांच्या टीमने, टीव्हीच्या रिकाम्या फ्रिक्वेन्सी वापरून बघितल्या. दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे बरीचशी जागा रिकामीच असते आणि ती लहर झाडांतून बरी जाते, खामलोली आणि आसपासची मिळून ७ गावं त्यांनी जोडली होती. तंत्र खरंच चांगलं आहे, पण तो बँड वायफायसारखा सगळ्यांना मोकळा नाही आणि उपकरणंही दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्या कामाचं नाही. पुढे त्यांनी स्वतःही जास्त गावांसाठी ५.८ गिगाहर्ट्झच वापरलं. लोरा कोणी सुचवलं तर नको म्हणा, ते सेन्सरचे चार आकडे पाठवायला असतं, त्यावर वेबसाइट उघडत नाही.

कायद्याचं थोडक्यात, ५ गिगाहर्ट्झचा बराचसा भाग २०१८ पासून लायसन्सशिवाय वापरता येतो, फक्त पॉवरच्या मर्यादेत राहायचं आणि मंजुरी असलेलं उपकरण घ्यायचं. पंचायतीचं कनेक्शन पुढे नेताना ज्याचं फायबर आहे त्याची लेखी परवानगी घ्या. पुढे वाडीतल्या घरांना पैसे घेऊन नेट द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मधे मंजूर झालेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना बघा, त्यात पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस) म्हणून हॉटस्पॉट चालवायला स्वतःचं लायसन्स लागत नाही.

आणि वाडीतलाच एखादा पोरगा किंवा पोरगी आत्तापासून सोबत घ्या, पोल उभा करतानाच. मल्टिमीटरने बॅटरी मोजणं, केबलचा जोड परत मारणं, रेडिओच्या सेटिंगच्या पानावर सिग्नल वाचणं, हे दोन-चार दिवसांत येतं. नेपाळमधे महावीर पुन यांनी म्याग्दीच्या डोंगरात सुरुवातीला झाडांवर अँटेना बांधून गावं जोडली, तिथेही सांभाळायला गावातलीच माणसं तयार केली. त्या मुलाला महिन्याला थोडे का होईना पैसे द्या, शाळा आणि उपकेंद्राच्या नेटच्या खर्चात ते धरूनच अंदाजपत्रक करा, फुकटात कोणी भर पावसात डोंगर चढणार नाही आणि चढावं अशी अपेक्षाही करू नये.

पंचायत, माथा आणि वाडी या तिन्ही जागांचे जीपीएस आकडे आणि माथ्यावरून दोन्ही बाजूंचे फोटो कमेंटमधे टाका, पोल किती उंच लागेल ते मी नकाशावर उंची बघून सांगतो.