तुझ्या नावाचा अर्थ

प्रिय लुसिया,

रविवारी फोनवर तू रडवेली झाली होतीस. वर्गात बाईंनी प्रत्येकाला नावाचा अर्थ विचारला आणि तुझी पाळी आल्यावर म्हणाल्या, "तुझं इंग्रजी नाव, राहू दे." मग तू मला विचारलंस, "आई, आपल्याकडे नाव ऐकलं की लगेच अर्थ का विचारतात? माझ्या नावाला अर्थच नाही का?" हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं.

विचारतात, कारण मराठी नाव बहुधा रोजच्या शब्दासारखंच असतं. उषा, ज्योती, किरण म्हटलं की अर्थ समोर उभा राहतो. तशी सवयच लागते कानाला. तुझ्या नावालाही अर्थ आहे, आणि ते इंग्रजी मुळीच नाही, लॅटिन आहे.

'लुक्स' म्हणजे उजेड. त्यावरून रोमन लोकांत मुलाचं नाव लुसियस, मुलीचं लुसिया. उजाडताना जन्मला तो लुसियस, असं व्हॅरो नावाच्या रोमन पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्या काळी तुला 'लूकिआ' अशी हाक मारली असती. पुढे इटलीत लुचीया झालं, इंग्लंडात लूसी. इंग्रजांनीही ते बाहेरूनच घेतलेलं!

आता तो 'लूक' कानात ठेव आणि 'रुक्मिणी' म्हण. संस्कृतात 'रुच्' म्हणजे झळकणं. त्यावरून रुक्म म्हणजे सोनं, त्यावरून रुक्मिणी. लॅटिन आणि संस्कृत एकाच जुन्या भाषेच्या लेकी. तिकडचा 'ल' इकडे 'र' झाला. म्हणजे तुझं आणि रखुमाईचं नाव एका मुळाचं. मला हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ दोन्ही नावं मोठ्याने म्हणत बसले होते. तू म्हणतेस ना, "मला हे रुचत नाही", तो शब्दही त्याच घरातला.

संत लुसिया सिसिलीतल्या सिराक्यूजची. डायोक्लेशियन बादशहाच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ चालला होता, तेव्हा इ. स. ३०४ च्या सुमारास तिने श्रद्धेपायी जीव दिला. १३ डिसेंबरला तिचा सण. चित्रात तिच्या हातातल्या तबकात दोन डोळे असतात, लहानपणी तू घाबरायचीस ते बघून. डोळ्यांची कथा बरीच नंतरची आहे. पण जिच्या नावातच उजेड, तिच्याकडे लोकांनी दृष्टी मागावी, हे मला अगदी समजतं. स्वीडनमध्ये त्या दिवशी, ऐन काळोख्या हिवाळ्यात, मुली डोक्यावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट घालतात.

तुझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी फादरांनी "ख्रिस्ताचा प्रकाश स्वीकारा" म्हटलं आणि बाबांनी मोठ्या मेणबत्तीवरून तुझी छोटी मेणबत्ती पेटवली. तू तिच्याकडे टक लावून बघत होतीस. ती अजून आहे, माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली. वात काळी झालीय. बाबांना सांगून काढून बघ.

तुझी,
आई