‘सगळं मलाच बघावं लागतं’

‘माझी माणसं स्वतःहून काही करतच नाहीत, मॅडम. सगळं मलाच बघावं लागतं.’ व्यवसाय चालवणारी जी मंडळी मार्गदर्शनासाठी माझ्याकडे येतात, त्यांच्या तोंडी बहुधा हीच तक्रार असते. त्यामागचा थकवा खरा असतो, म्हणून मी ती कधीच हलक्यात घेत नाही.

असेच एक उद्योजक आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तीसेक माणसांचा कारखाना, हाताखाली अनुभवी लोक, तरी सुट्टी घ्यायची हिंमत होत नव्हती. पहिल्याच तासाभरात त्यांचा फोन तीनदा वाजला. माल कोणत्या गाडीने पाठवायचा? ग्राहकाला तारीख कोणती द्यायची? प्रत्येक वेळी त्यांनी दोन शब्दांत निकाल दिला आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. ‘बघितलंत ना?’

मी पाहिलं होतं, पण मला दुसरंच काही दिसलं होतं. उत्तर इतक्या झटपट मिळत असेल, तर विचार करायचे कष्ट कोण घेईल? माझेही दोन प्रश्न त्यांनी पुरे होण्याआधीच तोडले होते. हे मात्र मी लगेच बोलले नाही. थकून आलेल्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी आरसा दिला, तर तो आरसाच बाजूला ठेवतो.

पुढच्या वेळी मी त्यांना मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेबद्दल सांगितलं. 1970च्या सुमारास त्यांनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात. तेच 3 सेकंद किंवा जास्त थांबले, की उत्तरं लांबतात, सुधारतात. शिवाय शिक्षकांनी ज्यांना ‘मंद’ ठरवलं होतं, ती मुलंही जास्त बोलू लागतात. हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग आम्ही ठरवलं, आठवडाभर कुणी काही विचारलं की आधी म्हणायचं, ‘तुला काय वाटतं?’ आणि थांबायचं.

आठवड्याने ते वैतागून आले. ‘विचारलं, तर माणूस घाबरला. त्याला वाटलं मी परीक्षा घेतोय.’ त्या माणसाला वाटलं ते खरंच होतं. उत्तर आधीच मनात ठरवून ‘तुला काय वाटतं’ म्हटलं, की चेहरा ते लपवत नाही. थांबण्याची युक्ती त्यांनी उचलली होती, उत्सुकता मागेच राहिली होती. इथे आमचं खरं काम सुरू झालं.

मी विचारलं, ‘समजा त्यांनी सगळं नीट सांभाळलं. तुमचा फोन दिवसभर वाजलाच नाही. काय वाटेल?’

‘बरं वाटेल,’ ते म्हणाले. थोड्या वेळाने, खाली बघत, ‘नाही. मग मी कशाला, असं वाटेल.’

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात हातातलं एक मोठं काम केवळ उत्तर वेळेत न गेल्यामुळे सुटलं होतं. तेव्हापासून झटपट उत्तर म्हणजे आपण, अशी त्यांनी स्वतःशी गाठ मारून घेतली होती. त्या सवयीने धंदा उभा केला, म्हणून मला तिला दोष द्यावासा वाटत नाही. पण तीस माणसांवर आता तिचाच भार पडत होता, आणि ते त्यांना आतून कधीच दिसलं नसतं.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली मांडलेल्या ‘जोहरी खिडकी’त, म्हणजे आपल्याबद्दल आपल्याला आणि इतरांना काय माहीत आहे हे दाखवणाऱ्या चार कप्प्यांच्या आकृतीत, असा एक कप्पा आहे, इतरांना दिसणारा पण आपल्याला न दिसणारा. स्वतःला ओळखायचं म्हणजे एकट्यानं डोळे मिटून आत बघायचं, असं पुष्कळांना वाटतं. या कप्प्यासाठी त्याचा उपयोग नाही, तिथे दुसऱ्याला विचारावंच लागतं. आणि ज्याचा पगार तुमच्या हातात आहे, त्याला ‘माझ्याबद्दल मोकळेपणाने सांग’ म्हटलं तर तो गोडच बोलणार. म्हणून प्रश्न नेमका हवा. आम्ही तो असा घडवला: ‘गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुझं कोणतं काम अडलं?’ उत्तर काहीही आलं तरी खुलासा द्यायचा नाही, एवढंच पथ्य.

उत्पादन सांभाळणारे एक जुने सहकारी म्हणाले, ‘साहेब, आम्ही ठरवतो आणि रात्री तुमचा मेसेज येतो, बदला म्हणून. शेवटी आम्ही ठरवणंच सोडलं.’

‘कान तापले माझे,’ त्यांनी मला सांगितलं. ‘पण खुलासा नाही दिला. “अजून सांगा” म्हणालो.’ मला त्यांचं त्या क्षणी फार कौतुक वाटलं.

प्रत्येकाच्या निष्क्रियतेचं खापर मालकावर फोडता येत नाही. काहींना ते काम जमत नसतं, काहींना नकोच असतं. पण रात्रीचे मेसेज थांबल्याशिवाय कोण कुठल्या गटातलं, हे कळणार कसं? त्यांनी ते थांबवले. माल रवाना करणाऱ्या मुलीला लिहून दिलं, कोणते निर्णय तिचे, कोणते घेऊन नुसतं कळवायचं आणि कोणते विचारूनच घ्यायचे. पहिल्या महिन्यात तिने एकदा चुकीची गाडी ठरवली. त्यांनी अधिकार काढून घेतला नाही, फक्त ती ज्या माहितीवर निर्णय घेत होती, त्यात काय कमी होतं ते दोघांनी मिळून शोधलं.

शेवटच्या काही भेटींपैकी एकीत फोन थरथरला. त्यांनी तो पालथा ठेवला. उठताना मेसेज वाचला: ‘सर, फोन लागला नाही. ग्राहकाशी बोलून मी तारीख दोन दिवस पुढे घेतली.’

त्यांचा चेहरा क्षणभर पडला. ‘मी एकच दिवस घेतला असता.’

बरंच काही टाइप केलं, पुसलं. मग फोन खिशात टाकून म्हणाले, ‘उद्या तिलाच विचारतो, दोन दिवस का ते.’ दारापाशी ते पुन्हा थांबले. तोच प्रश्न जरा हळू आवाजात म्हणून पाहिला आणि मला विचारलं, ‘असं विचारलं तर घाबरणार नाही ना ती?’