उणे तापमानात गाडी आणि मुक्काम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोन डिझेल फोर बाय फोर घेऊन बर्फात मुक्कामाला गेलो होतो, रात्री पारा उणे २५ च्या खाली गेला. सकाळी एका गाडीचा सेल्फ मारला की नुसता टक टक आवाज. दुसरी लगेच चालू झाली, पण थोडं अंतर जाऊन बंद पडली ती पडलीच. दोन्ही गाड्यांचं सर्व्हिसिंग नुकतंच झालेलं होतं. मग चुकलं कुठे?

उत्तर: दोन गाड्या, दोन वेगळी दुखणी. पहिलीची बॅटरी गेली आणि दुसरीचं डिझेल गोठलं.

आधी बॅटरीचं बघू. साधी लेड ॲसिड बॅटरी उणे १८ च्या आसपास तिची जवळपास निम्मी ताकद गमावते, आणि नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला नेहमीपेक्षा जास्त ताकद लागते. त्यात तुम्ही रात्रभर फ्रिज, लाइट, मोबाइल चार्जिंग सगळं त्याच बॅटरीवर चालवलं असेल तर सकाळी तिच्याकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. आणि इथे एक धोका आहे, फुल चार्ज बॅटरी सहसा गोठत नाही पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपाससुद्धा गोठू शकते, कारण चार्ज उतरतो तसं आतलं ॲसिड पातळ होत जातं. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायची वायर) लावायची नाही, ती फुटू शकते. कॅम्पचा लोड कायम दुसऱ्या बॅटरीवर ठेवा. ती लिथियमची असेल तर शून्याखाली वापरायला चालते पण चार्ज करायची नाही, आतमध्ये हीटर असलेली असेल तर गोष्ट वेगळी.

आता दुसरी गाडी. डिझेलमध्ये मेणासारखा भाग असतो, थंडीत त्याचे खडे होतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. पाइपात आणि फिल्टरच्या पुढे असलेल्या डिझेलवर गाडी चालू होते, थोडी चालते, मग मागून इंधन येत नाही आणि ती बंद पडते. तुमच्या गाडीचं अगदी हेच झालेलं दिसतंय. खाली उबदार भागात टाकी फुल करून वर गेलं की हा प्रॉब्लेम येतो. टाकी जवळपास रिकामी करत जा आणि थंड भागातल्या पंपावर हिवाळी डिझेल भरा. अँटिजेल, म्हणजे डिझेल गोठू नये म्हणून त्यात मिसळायचं औषध, टाकायचं असेल तर डिझेल पातळ असतानाच टाका, एकदा मेण धरल्यावर ते टाकून उपयोग नाही. मग नवा फिल्टर लावायचा किंवा आहे तो गरम करायचा एवढंच हातात राहतं, म्हणून एक जादा फिल्टर जवळ ठेवाच. आणि टाकीखाली आग पेटवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला गाडीपासून लांब ठेवा.

सर्व्हिसिंगचं म्हणाल तर त्यात ऑइल कुठलं टाकलं ते विचारा. ऑइलच्या डब्यावर डब्ल्यूच्या आधी जो आकडा असतो तो थंडीतला ग्रेड. १५ डब्ल्यूचं ऑइल कोल्ड स्टार्टसाठी उणे २० पर्यंत तपासलेलं असतं, ५ डब्ल्यू उणे ३० आणि ० डब्ल्यू उणे ३५ पर्यंत. म्हणजे उणे २५ ला १५ डब्ल्यू आपल्या मर्यादेबाहेर गेलेलं असतं, पण बदलायच्या आधी मॅन्युअलमध्ये तो ग्रेड चालतो का बघा. कूलंट (रेडिएटरमधलं पाणी) अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल, म्हणजे ते गोठू न देणारं द्रव, असलं की उणे ३७ पर्यंत टिकतं. नुसतं ग्लायकॉल भरलं तर जास्त चांगलं असं खूप जणांना वाटतं, पण ते उणे १३ च्या आसपासच गोठतं. हे सगळं निघायच्या आधी आणि आदल्या संध्याकाळीच करायचं, पहाटे बधिर बोटांनी यातलं काहीच होत नाही.

प्रश्न: सकाळी गाडी चालू झाली पण जागची हलेना, चाकं जखडल्यासारखी. शिवाय चारही टायरमधली हवा कमी दाखवत होती. चारही पंक्चर कशी असतील?

उत्तर: पंक्चर नाहीत. तापमान साधारण साडेपाच ते सहा डिग्रीने उतरलं की एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) कमी होतो, त्यामुळे अधिक २० ला ३२ भरलेली हवा उणे २५ ला सात ते आठ पीएसआय कमी दाखवणारच. चाकं जखडण्याची कारणं दोन. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला की तो तसाच गोठतो, म्हणून सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा. दुसरं असं की चालून आलेले गरम टायर खालचा बर्फ वितळवतात आणि ते पाणी रात्री टायरभोवती घट्ट गोठतं. कॅम्पवर पोचल्यावर थोडा वेळ थांबा, टायर गार होऊ द्या, मग गाडी हातभर पुढे घेऊन फळीवर किंवा दाबलेल्या कोरड्या बर्फावर लावा. जखडलेली गाडी रेस देऊन उपटायला गेलात तर क्लच जळेल, त्यापेक्षा फावड्याने चाकाभोवतीचा बर्फ फोडा.

प्रश्न: तंबूपेक्षा गाडीतच झोपायचा विचार आहे. इंजिन चालू ठेवून हीटर लावला तर चालेल का? मागच्या वेळी तर काचा आतूनच गोठल्या होत्या.

उत्तर: नाही, अजिबात नाही. रात्री बर्फ पडून किंवा वाऱ्याने साचून सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणसाला वाटतं की प्रवासाचा शीण आहे. तंबूत किंवा गाडीत स्टोव्ह, शेगडी पेटवणंही याच कारणाने नको. बाहेरची हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा पार्किंग हीटर नीट बसवून घेतला असेल तर तो ठीक, पण त्याचा एक्झॉस्टही बर्फात बुजायला नको आणि सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

काचांवरचा बर्फ म्हणजे तुमच्या श्वासातली वाफ. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, थोडी थंडी आत येईल पण स्लीपिंग बॅग कोरडी राहील, आणि ओली बॅग ऊब देत नाही. बॅगेवर दोन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं कम्फर्टचं (आरामात झोप लागेल ते) बघा, लिमिटचं (जेमतेम निभावेल ते) नाही. खालून येणारी थंडी लोक विसरतात, गाडीच्या पत्र्याखाली रात्रभर गार वारा वाहत असतो, त्यामुळे हवेच्या गादीखाली फोमची मॅट हवी.

प्रश्न: गॅस स्टोव्ह पेटतच नाही, सिलिंडर भरलेला असूनही.

उत्तर: ब्युटेन असेल. उणे अर्ध्या डिग्रीखाली त्याची वाफच होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो, पण मिक्स सिलिंडरमधला प्रोपेन आधी संपतो आणि मागे ब्युटेन उरतो. कडाक्याच्या थंडीत मला पेट्रोलचा स्टोव्हच भरवशाचा वाटतो, फक्त पेट्रोल ओतताना हातमोजे हवेत, कारण उणे २५ चं पेट्रोल कातडीवर सांडलं तर तिथे लगेच हिमदंश होऊ शकतो. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणजे झाकण मोकळं राहतं.

प्रश्न: नवऱ्याच्या पायाची बोटं पांढरी पडून बधिर झाली होती. आम्ही बर्फाने चोळली. बरोबर केलं का?

उत्तर: ताई, हा सल्ला अजून सगळीकडे दिला जातो म्हणून स्पष्ट लिहितो, चोळायचं नाही, बर्फाने तर नाहीच, आतल्या पेशी फाटतात. ओले मोजे काढा, ३७ ते ३९ डिग्रीच्या पाण्यात बोटं बुडवा, पाणी कोमट राहील हे बघा. शेकोटीजवळ धरू नका, बधिर बोटांना भाजलेलं कळत नाही. पण पुढे पुन्हा थंडीत चालायचं असेल आणि बोटं परत गोठायची शक्यता असेल तर तिथे ऊब देऊ नका, आधी सुरक्षित जागी न्या, कारण वितळून परत गोठलं की नुकसान जास्त होतं. ऊब आल्यावर बोटं खूप दुखतात, ते होणारच, पण फोड आले किंवा रंग काळपट पडायला लागला तर सकाळ व्हायची वाट न बघता डॉक्टरकडे न्या.