शिंदळ माकुडी गडावर लावावी का?

प्रश्न : नर्सरीतून शिंदळ माकुडीचं एक रोप आणलं होतं. त्याची छाट कलमं करून चाळीसेक पिशव्या भरल्या आहेत. पाऊस लागला की आमचा ट्रेकिंगचा ग्रुप ती शिवनेरीच्या कड्यांवर लावणार आहे. कपारीत माती किती घालावी?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : मातीचं राहू द्या, रोपं गडावर नेऊच नका. शिवनेरी संरक्षित स्मारक आहे, तेव्हा परवानगीचा प्रश्न आहेच. पण परवानगी खिशात असती तरी मी हेच सांगितलं असतं.

तुमच्या चाळीस पिशव्यांत झाड एकच आहे. छाट कलम म्हणजे जनुकांच्या हिशोबात मूळ झाडाचाच तुकडा. आणि ते मूळ झाड कुठल्या कड्यावरचं, हे नर्सरीवाल्याला विचारलंत का?

शिंदळ माकुडी (शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका) ही मांसल खोडाची वनस्पती निसर्गात फक्त आपल्या महाराष्ट्रात सापडते. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेल यांनी १८६५ साली तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. (गव्हर्नरसाहेबांचं नाव लावायची हौस तेव्हाही होतीच.) शिवनेरी, पुरंदरचा वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या जागी, गुरांचं तोंड पोचत नाही अशा कड्यांना ती धरून आहे. शिवनेरी ते वज्रगड सरळ रेषेतच शंभरेक किलोमीटर. तिचे पराग मोकळी भुकटी नसतात, त्यांचे मेणचट पुंजके असतात आणि ते फुलावर आलेल्या माशीला चिकटून जातात. ती माशी काही जुन्नरहून सासवड गाठत नाही. बियांना रेशमी केसांचा झुबका असतो, पण वाऱ्यानं नेलं तरी मधे सगळी शेतं नि वस्त्या.

अशी ताटातूट पिढ्यान् पिढ्या चालली की प्रत्येक कड्यावरचं कूळ वेगळं होत जातं. झाडं मूठभर असतील तर कुठला गुण टिकला नि कुठला गेला हे बरंचसं योगायोगावर ठरतं. त्यात तुम्ही एकाच अनोळखी झाडाच्या चाळीस प्रती घुसवल्या, तर पुढच्या बियाण्यात त्याचाच भरणा होईल. दोन कुळं मुद्दाम एकत्र आणायची वेळ कधी येतेही. पण ते काम दोन्हीकडची जनुकं तपासून, नोंद ठेवून करायचं.

नुसत्या प्रती वाढवून भागत नाही. ऑस्ट्रेलियातला वॉलेमाय पाइन हा वृक्ष बघा. १९९४ साली सिडनीच्या वायव्येला एका दरीत सापडला, मोठी झाडं शंभराच्या आत. आज त्याची रोपं जगभरच्या बागांत आहेत. तरी मूळ झाडांमध्येच जनुकीय फरक जवळजवळ नाही, त्यामुळे फायटोफ्थोरासारखा मुळं कुजवणारा रोग आला तर सगळ्यांनाच धोका सारखा.

तुमची रोपं मात्र फेकू नका. शाळांना द्या, घरी कुंडीत लावा. पावसाळ्यानंतर पानं गळतात, तेव्हा मेली समजून पाण्याचा मारा करू नका. मांसल खोड हिरवं असतं, जादा पाण्यानं तेच सडतं. शिंदळ माकुडीच्या गटातल्या बऱ्याच वनस्पतींना स्वतःच्या परागानं बी धरत नाही, तेव्हा शेंगांची वाट बघत बसू नका.

गडावर काही करायचंच असेल तर फुलं असताना दुर्बिणीतून झाडं मोजा, फोटो काढा आणि ती नोंद पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण कार्यालयाला पाठवा. नेमकी जागा तेवढी इन्स्टाग्रामवर टाकू नका.